गुंडीच्या भुवया

माझ्या लेकीच्या चेहऱ्यावरून हल्ली मला काही कळत नाही, आणि ही गोष्ट काही केल्या माझ्या मनातून जात नाही. गेल्या महिन्यात ती आठवडाभर घरी आली होती. पहिल्याच दुपारी मी भाजीत मीठ घालायला विसरले. तिच्या बाबांनी पहिल्या घासालाच माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना न विचारता घर विकलं होतं. लेक मात्र शांतपणे जेवत होती. अर्धं ताट संपलं तरी कपाळावर आठी नाही.

"अगं, सांगायचं नाही का?" मी म्हटलं.

"अं? हो, मीठ जरा कमी आहे."

कमी कसलं, नव्हतंच.

ही जन्मली तेव्हा डोळे शर्टाच्या गुंड्यांसारखे गोल आणि सताड उघडे होते, म्हणून तिचे बाबा तिला गुंडी म्हणायला लागले. तिशी उलटली तरी घरात ते नाव सुटलेलं नाही. पत्ते खेळायला बसली आणि हातात एक्का आला की भुवया पार केसांना टेकायच्या. तिचे बाबा स्वतःची पानं धड न बघता डाव जिंकायचे आणि वर "नशीब लागतं" म्हणायचे. शाळेचा निकाल मला ती फाटकातून आत येतानाच कळायचा. खोटं बोलायची तिने कधी तसदी घेतली नाही. उपयोगच नव्हता.

आता ती दूरच्या शहरात एका विद्यापीठात संशोधन करते. विषय कुणाला सांगायचा म्हटलं की माझी पंचाईत होते. शेजारच्या काकूंना पहिल्यांदा सांगितलं, तर त्या बिघडलेला प्रिंटर घेऊन आल्या.

"अहो, ती कॉम्प्युटर दुरुस्त नाही करत."

"मग शिकवते?"

"शिकवतही नाही. कॉम्प्युटर कसा शिकवतात, त्याचा अभ्यास करते."

"म्हणजे मास्तरांवरची इन्स्पेक्टर," असं म्हणून काकूंनी प्रिंटर आमच्याच टेबलावर ठेवला. गुंडीने तो नीट करून दिला, हेही खरं.

इन्स्पेक्टर नाही ती. नवीन मुलं प्रोग्रॅम लिहायला शिकताना कुठे अडतात आणि का अडतात, ते ती शोधते. तिची पद्धत मला ठाऊक आहे, कारण पहिला प्रयोग तिने माझ्यावरच केला होता. स्वयंपाकघरातल्या टेबलावर एक कागद ठेवला. त्यावर लिहिलं होतं: अ मध्ये पाच ठेव. ब मध्ये अ ठेव. आता अ मध्ये सात ठेव. ब मध्ये किती?

"उत्तर महत्त्वाचं नाही आई. डोक्यात जे येईल ते मोठ्याने बोलत जा. मी मदत करणार नाही."

मी बोलत गेले. माझी पदवी इतिहासाची, त्यामुळे मी वंशावळच लावली. ब हा अ वरून आला, म्हणजे दोघं बांधलेले, अ सात झाला तर ब पाचावर कसा अडून बसेल, शिवाय मला गॅस बंद करायचाय. ती मध्ये एक शब्द न बोलता ऐकत होती. "सात," मी म्हटलं. चूक निघालं. ब ने त्या घडीला अ मध्ये जे होतं तेवढंच उचललं. त्यानंतर अ चं काहीही होवो, ब ला त्याचा पत्ता नसतो. "खूप मुलं सातच म्हणतात," तिने माझी समजूत घातली. मला ते अजून पटलेलं नाही. पण माझं बोलणं न तोडता इतका वेळ या घरात कुणी ऐकलं नव्हतं. तिनेही पुन्हा कधी नाही. आता तिचा फोन आला की चार वाक्यांत "ठेवू का?" येतं, आणि मला त्या टेबलाची आठवण होते.

विद्यापीठात तिने अशाच बैठका मुलांबरोबर घेतल्या, वर्षभराहून जास्त काळ. बंद खोली, एक विद्यार्थी, समोर कॉम्प्युटर, शेजारी ही. कॅमेरा फक्त कॉम्प्युटरच्या पडद्यावर रोखलेला. एके दिवशी कॅमेऱ्याच्या स्टँडचा पाय सरकला आणि पडद्याऐवजी दोघांचे चेहरे टिपले गेले. ते तिने नंतर थांबवून थांबवून पाहिलं. मुलगा "सात" म्हणतो आणि तिच्याकडे बघतो. हिच्या भुवया किंचित वर जातात. "नाही नाही, पाच," मुलगा म्हणतो. हिची मान हलते. पुढच्या प्रश्नाला तो पडद्याकडे बघतसुद्धा नाही.

हे तिने मला घरी आल्यावर सांगितलं, आम्ही गच्चीवर कपडे वाळत घालत होतो तेव्हा.

"तो प्रोग्रॅम वाचतच नव्हता आई. मला वाचत होता."

"हुशार म्हणायचा."

"तो एकटाच असेल का? शाळेत सगळेच हे शिकून येतात, मास्तरांच्या तोंडाकडे बघून उत्तर बदलायचं. आणि मी लिहून ठेवलंय की मुलं स्वतः विचार करून आपली चूक सुधारतात." टॉवेल केव्हाच पिळून झाला होता, तरी ती पिळत होती. "आता कुठलं उत्तर त्यांचं आणि कुठलं माझं, कसं सांगू?"

तिच्या मार्गदर्शक बाईंनी सांगितलं, जुनं सगळं बाजूला ठेव आणि पुन्हा सुरुवात कर. म्हणजे आणखी दोन वर्षं. मग ही आरशासमोर बसून चेहरा कोरा ठेवायचा सराव करायला लागली. भुवया हलल्या की कळावं म्हणून कपाळाला चिकटपट्टी लावून. हे ऐकून तिचे बाबा पोट धरून हसले. मला हसू आलं नाही.

त्याच आठवड्यात माझा धाकटा भाऊ आला. तो इथल्या कॉलेजात उपप्राचार्य आहे, आणि त्याच्याकडे कॉम्प्युटर शिकवायची एक जागा रिकामी आहे.

"लोकांच्या पोरांची तोंडं बघत बसण्यापेक्षा इथे येऊन त्यांना शिकव की. घरचं जेवण मिळेल."

"बिनमिठाचं," तिचे बाबा म्हणाले.

"महिनाभर विचार कर. तोवर जागा धरून ठेवतो."

"बघते मामा," ती म्हणाली. तिला हवंय की नकोय ते कळेना, मामा तिच्याकडे बघतच राहिला.

तो महिना उद्या, सोमवारी संपतो. शनिवारी संध्याकाळी तिचा व्हिडिओ कॉल आला. केस विंचरलेले नव्हते. मागच्या भिंतीवर चिकटवलेल्या संशोधनाच्या रंगीत चिठ्ठ्यांपैकी निम्म्या काढून टाकलेल्या.

"आई, काय करू मी?"

मी खरंच काही बोलले नाही. नुसती तिच्याकडे पाहत होते. तीही माझ्याकडे पाहत होती, डोळे बारीक करून, बराच वेळ.

"ठीक आहे. येते मी," ती म्हणाली. "सोमवारी मामाला कळवते."

आज दिवसभर माझे पाय जमिनीवर नव्हते. तिच्या खोलीतली गादी उन्हात टाकली. खिडकीची जाळी धुतली. तिच्या कपाटात हळूहळू शिरलेले माझे कपडे काढून दोन कप्पे मोकळे केले. दारात तिच्या चपला, बाथरूममध्ये केसांचा गुंता, "आई, माझ्या वस्तूंना हात लावू नकोस" म्हणून खेकसणं, सगळं हवंय मला. रात्री अंथरुणावर पडता पडता तिचे बाबा म्हणाले, "पण तिने ठरवलं कसं?" ते घोरायला लागले आणि मी इथे स्वयंपाकघरातल्या टेबलाशी येऊन बसले.

कारण तिने ठरवलंच नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. कोरा चेहरा ठेवायला मला कुणी शिकवलेलं नाही. माझ्या तोंडावर "बाळा, घरी ये" एवढ्या मोठ्या अक्षरांत होतं, की ते बारीक डोळे करून वाचायचीही गरज नव्हती.

कदाचित ती खरंच थकली असेल, तिला खरंच यायचं असेल. तसं असेल तर स्टेशनवर तिच्या डब्यासमोर मीच आधी उभी असेन. पण तसं नसेल तर ती दोन भिंतींपलीकडे राहील, रोज कॉलेजात जाईल, माझ्या हातचं मुकाट्याने जेवेल, आणि तिचं काय राहून गेलं ते मला कधीच कळणार नाही. तशी लेक जवळ घेऊन मी काय करू?

ती या वेळी जागी असते. व्हिडिओ नको, साधा फोन. मला तू इथे हवी आहेस, फार हवी आहेस, हे मी तिला उघड सांगणार आहे, म्हणजे तिला अंदाज बांधत बसायला नको. पण ते माझं झालं. मग तिचं विचारणार आहे. ती "ठेवू का?" म्हणेल. आज मी "नाही" म्हणेन.

सकाळी मामाला कळवायच्या आत बोलायला हवं. नंबर लावायला चष्मा हवा होता, तो सापडला. फोन लावते.