खुर्चीवरून उठताना

आमच्या कंपनीत सकाळची शिफ्ट व्यायामाने सुरू होते. मूळ कंपनी परदेशी आहे, तिकडची ही पद्धत. मशीन अजून बंद असतात, स्पीकरवर संगीत लागतं आणि सगळे लाइनच्या दोन्ही बाजूंना हात पसरता येतील एवढं अंतर ठेवून उभे राहतात. एक जण पुढे लाकडी फळीवर उभा राहून दाखवतो, बाकीचे त्याच्या मागोमाग करतात. चाकणच्या पट्ट्यात अशा बऱ्याच कंपन्या आहेत, म्हणून इथे कुणाला त्याचं नवल वाटत नाही. मला मात्र पहिल्या दिवशी शाळेतली कवायत आठवली होती आणि उगाच बरं वाटलं होतं. पुढे शिफ्टची प्रमुख झाले आणि त्या फळीवर मी उभी राहू लागले. आमच्या लाइनवर त्या जागी उभी राहिलेली पहिली बाई मीच.

माझे वडील लातूरकडच्या एका तालुक्याच्या गावी, मार्केट यार्डात हमाली करत. पोती पाठीवर घेऊन त्यांची मान कायमची थोडी पुढे आली. आम्हा भावंडांना ते एकच सांगत, शिका आणि खुर्चीवर बसा. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. नोकरी लागल्याचं कळवलं तेव्हा त्यांनी आधी पगार विचारला नाही, खुर्ची आहे का ते विचारलं. मी म्हटलं, खुर्ची आहे, पण मला ती फार लागणार नाही. दिवसभर लाइनवरून फिरायचं, प्रत्येक टप्प्यावर माल बघायचा, मुलांशी बोलायचं. त्यांना ते पटलं नसणार.

मग ती खुर्ची मिळाली, आणि नको तशी मिळाली.

काळेवाडी फाट्याजवळ वळताना माझी स्कूटर खडीवरून घसरली आणि उजव्या गुडघ्याचं लिगामेंट तुटलं. ऑपरेशन झालं. संधिवात त्याच्या आधीपासूनच होता. सकाळी बोटं आखडायची, घोटे सुजायचे, पण गोळ्यांवर निभत होतं. अपघातानंतर दोन्ही दुखणी एकत्र आली. महिनोन्महिने पडून राहिले, त्यात स्टेरॉइडच्या गोळ्या, आणि वजन असं वाढलं की लग्नातल्या बांगड्या साबण लावूनही हातातून निघेनात. कामावर परत गेले तेव्हा कंपनीच्या डॉक्टरांनी मला लाइनवर जायला मनाई केली. मला कागदपत्रांच्या खोलीत बसवलं. तिथे तपासणीचे कागद यायचे, ते संगणकावर चढवायचे. एसी, मऊ खुर्ची, पायाखाली ठेवायला स्टूलसुद्धा.

वडिलांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, "बरं झालं की माय. सावलीत बसायचं, पंख्याखाली. आता कशाला उठतीस?"

त्यांच्या आवाजातला आनंद खरा होता. मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी लावत बसले. ही खुर्ची मला का नको ते मला कळत होतं, पण त्यांना सांगता येत नव्हतं.

कारण मला आई आठवत होती. गावाकडे आईलाही हाच संधिवात आहे, पण त्याला कुणी कधी नाव दिलं नाही. लोक म्हणत, वारं धरलंय. ती माझ्याएवढी होती तेव्हा एकदा दुखतंय म्हणून उंबऱ्याजवळ बसली. मग बसूनच भाजी निवडायची, बसूनच पीठ मळायचं, हळूहळू सरकतच दारापर्यंत जायचं. कुणी तिला बसवलं नव्हतं. उठणं जरा जरा कमी होत गेलं, एवढंच. त्या मऊ खुर्चीवर बसले की मला तो उंबरा दिसायचा.

आमचे मॅनेजर सज्जन माणूस. त्यांनी मला खोलीत बोलावून स्पष्ट सांगितलं की दिवाळीनंतर पुन्हा वैद्यकीय तपासणी होईल. तेव्हा लाइनवर जायची परवानगी मिळाली तर शिफ्ट माझी. नाही मिळाली तर ती जागा कायमची दुसऱ्याला द्यावी लागेल, आणि मी कागदांच्या खोलीतच राहीन. पगार कमी होणार नव्हता. म्हणून कुणाला त्यात वाईट वाटण्यासारखं काही दिसत नव्हतं.

संधिवाताच्या डॉक्टरांनी सांगितलं की वजन उतरलं तर गुडघ्यावरचा भार उतरेल, घोट्यांचाही, आणि औषधं नीट लागू पडली तर स्टेरॉइड हळूहळू कमी करता येईल. पण उपाशी राहायचं नाही, गोळ्या रिकाम्या पोटी घ्यायच्या नाहीत, आणि पळणं, उड्या, जिने हे सगळं बंद. माझा प्रश्न साधा होता, मग वजन उतरणार कशाने? त्यांनी मला फिजिओथेरपीला पाठवलं. तिथली मुलगी माझ्यापेक्षा बरीच लहान, पण बोलायला ठाम. तिने गुडघा हलवून बघितला, टाक्यांची जखम पूर्ण भरल्याची खात्री केली आणि म्हणाली, पाण्यात चाला.

मी दुष्काळी भागातली. आमच्याकडे पाणी हंड्यात असायचं. घोट्याच्या वर पाण्यात मी कधी उतरले नव्हते.

थेरगावच्या बाजूला महापालिकेचा पोहण्याचा तलाव आहे, तिथे महिलांसाठी वेगळी वेळ असते. पहिली शिफ्ट सुटली की मी तिथे जाऊ लागले. पोहण्याचा पोशाख डांगे चौकातून घेतला, पूर्ण बाह्यांचा आणि पायाच्या पोटरीपर्यंतचा, तरी तो घालून बाहेर यायला मला पहिल्या दिवशी इतका वेळ लागला की बाहेरून दार वाजलं. दार वाजवणाऱ्या एक मावशी होत्या, रहाटणीच्या जुन्या शेतकरी घरातल्या. त्यांच्या शेताच्या जागी आता सोसायट्या उभ्या आहेत, आणि त्यांचा एक खुबा बदललेला.

मी कठड्याला धरून पायरीवरच थांबले. त्या कमरेएवढ्या पाण्यात उभ्या होत्या.

"उतर की. पाणी काय खातंय व्हय तुला?"

मी म्हटलं, मला पोहता येत नाही.

"आमाला कुठं येतंय? आमी काय पोहाया येतो व्हय हितं? नातीला वाटतंय आजी पोहती, सांगू नको तिला." मग माझ्याकडे जरा निरखून बघत म्हणाल्या, "आन् लाजू नको. हितं कोण बारीक हाय?"

बायका हसल्या, मीही हसले आणि उतरले. पाणी छातीपर्यंत आलं आणि गुडघा दुखायचा थांबला. हे कसं सांगावं मला कळत नाही. अपघातानंतर पहिल्यांदा मी दोन्ही पायांवर सारखी उभी होते. कठडा धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले, आणि परत आले. मावशी बाजूने चालत होत्या आणि आपल्या सुनेच्या तक्रारी सांगत होत्या. मी कंपनीत आहे हे कळल्यावर त्या मला कंपनीवाली म्हणू लागल्या, आणि पुढेही तेच नाव राहिलं.

घरी जेवणाचं नवऱ्याने मनावर घेतलं. तो भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये टर्नर आहे, स्वयंपाक त्याला आवडतो. भात कमी, उसळ जास्त, भाकरी मोजून नाही पण लहान, रोज अंडं नाहीतर ताक-डाळ. त्याने स्वतःसाठी वेगळं काही केलं नाही, माझंच ताट तो जेवला. अवघड होतं ते कंपनीचं कॅन्टीन. महिनाअखेर टार्गेट पूर्ण झालं की आमच्याकडे सगळ्यांना जिलेबी मिळते. ती न घेणं म्हणजे लाइनच्या आनंदात सामील न होणं. मी एक कडं घ्यायचे, समोर सगळ्यांबरोबर खायचे, आणि दुसऱ्या फेरीला ताटावर हात ठेवायचे. वाढणारे भाऊ रागवायचे. मी त्यांना म्हणायचे, भाऊ, माझ्या वाटणीची त्या पोरांना द्या, मी खाल्ली असं समजा.

वजन उतरू लागलं, पण हळू. आणि मग मध्येच थांबलं. कितीतरी आठवडे काटा तिथेच. दिवाळी जवळ येत होती. तेव्हा मी ते केलं जे आमच्या पट्ट्यातला कुणीही माणूस करेल. टार्गेट मागे पडलं की आम्ही काय करतो? ओव्हरटाइम. मी गुडघ्याला ओव्हरटाइम लावला. तलावावरून घरी चालत येऊ लागले, इमारतीत लिफ्ट सोडून जिने चढले, नवरात्रात उपास धरले, आणि पाण्यातली वेळ दुप्पट केली. काटा खरंच खाली गेला. मला वाटलं, जमलं.

दसऱ्याच्या सकाळी उठले तर गुडघा भोपळ्यासारखा सुजलेला, आणि दोन्ही हातांच्या बोटांनी दाराची कडी उघडेना. नवऱ्याने मला उचलून रिक्षात बसवलं.

फिजिओथेरपीची मुलगी रागावली नाही. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ताई, तुमच्याकडे एखादं मशीन दुरुस्त होऊन आलं तर पहिल्याच दिवशी दोन शिफ्ट चालवता का?"

मी म्हटलं, "महिनाअखेर असेल तर चालवतो."

"मग?"

"मग पुन्हा बंद पडतं."

तिने मान हलवली आणि माझा गुडघा बर्फाच्या पिशवीत गुंडाळला. नंतर तिने नवी शिस्त लावून दिली. सूज असेल त्या दिवशी पाण्यात फक्त उभं राहायचं. जिने बंदच. उपास डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. आणि वजनाचा काटा तिने नवऱ्याला कपाटावर ठेवायला सांगितला, महिन्यातून एकदाच खाली काढायचा. मॅनेजरना मी तपासणी थोडी पुढे ढकलायची विनंती केली. त्यांनी नववर्षापर्यंत वेळ दिला, त्याबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे.

परत तलावावर गेले तेव्हा काही दिवस मी नुसतीच पाण्यात उभी. मावशींनी फेऱ्या मारता मारता विचारलं, "कंपनीवाले, संप हाय व्हय?" मी झालेलं सांगितलं. त्या थांबल्या, माझ्या शेजारी उभ्या राहिल्या आणि त्या दिवशी त्याही चालल्या नाहीत. सुनेबद्दल मात्र बोलल्या.

पुढचे महिने सांगण्यासारखे नाहीत, कारण त्यात काही घडलं नाही. रोज तेच केलं आणि जास्त केलं नाही. जास्त न करणं हे मला कामापेक्षा कठीण गेलं, पण मी ते शिकले, आणि मला त्याचा अभिमान वाटतो. फरक मला काट्याने नाही, बसने सांगितला. अपघातानंतर आमच्या कंपनीच्या बसचे ड्रायव्हर माझ्या थांब्यावर गाडी अगदी फुटपाथला लावायचे, म्हणजे मला पायरी उंच पडू नये. रोज सकाळी अंधारात एवढी मोठी बस ते माझ्यासाठी वळवून घ्यायचे. डिसेंबरात एके दिवशी रस्त्याकडेला पाइपचं खोदकाम होतं आणि बस लांब, मधेच थांबली. मी चढले, आत बसले आणि खिडकीतून बघताना लक्षात आलं की मी कशालाही न धरता चढले होते. आरशातून ड्रायव्हरभाऊ माझ्याकडेच बघत होते. त्यांनी फक्त हेडलाइट एकदा मिचकावला आणि गाडी सोडली.

तपासणीला कंपनीच्या डॉक्टरांनी मला चालवलं, खाली वाकवलं, एका पायावर उभं केलं. माझ्या संधिवाताच्या डॉक्टरांचे कागद वाचले. मग म्हणाले, लाइनवर जा. पण लाइनच्या प्रत्येक टोकाला स्टूल ठेवायचं, आखडलं की बसायचं, आणि व्यायामातल्या उड्या आणि खोल बैठका तुमच्यासाठी कायमच्या बंद. मी त्यांना विचारलं, फळीवर उभी राहू शकते ना? त्यांना फळी म्हणजे काय ते कळलं नाही. मी सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, राहा.

पहिल्या सकाळी संगीत सुरू झालं आणि पोरांनी मला पुढे जायला वाट करून दिली. मी फळीवर उभी राहिले. खांदे, मान, कंबर सगळं ठीक झालं. मग बैठकांची वेळ आली. मी थांबले. इतके महिने ज्या खुर्चीवरून उठायला धडपडले, तीच कागदांच्या खोलीतून मागवली, फळीशेजारी ठेवली आणि सगळ्यांना सांगितलं की ज्याचे गुडघे चांगले आहेत त्याने नेहमीसारखं करावं. मी खुर्चीवर टेकत आणि उठत राहिले, संगीताच्या ठेक्यावर, हात न लावता. दुसऱ्या रांगेतून आमचे सगळ्यात जुने वेल्डर, ज्यांची कंबर गेली आहे हे सगळ्यांना माहीत होतं आणि ते कधी मान्य करत नव्हते, हळूच एक स्टूल ओढून आले. कुणीतरी मागून म्हणालं, "काका, आलात का लाइनवर?" काका म्हणाले, "मॅडमनी सांगितलंय, तू गप बैठका मार."

आता आमच्या शिफ्टला फळीच्या बाजूला खुर्च्यांची एक छोटी रांग असते. रोज वेगवेगळे लोक तिच्यात असतात.

संध्याकाळी वडिलांना फोन केला. मी शिफ्टवर परत गेले आहे हे त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हंजे खुर्ची गेली?"

"नाही बाबा, आहे. मी तिच्यावरून उठते."

त्यांना किती कळलं कोण जाणे. पण त्यांनी आईला हाक मारली, फोन तिच्याकडे द्यायला. फोनमध्ये मला तिचा सरकत येण्याचा आवाज ऐकू आला. मी तिला म्हटलं, आई, उन्हाळ्यात तुला इकडे घेऊन येते. इथे चांगल्या डॉक्टर आहेत, आणि एक तलाव आहे.

ती म्हणाली, "मला पोहता येत नाही गं."

मी म्हटलं, "इथे कुणालाच येत नाही."