एका नावावर दोघी जावा

आमच्या पॅकहाऊसमध्ये एचआर आलं ते केक घेऊन. त्याआधी जे काय होतं ते मीच होते. हजेरी, रजा, गाडी कोणाची चुकली, कोणाच्या घरी सुपारी फुटली, कोणाचा नवरा गेटवर येऊन भांडला, सगळं माझ्या टेबलावर यायचं. टेबलावर 'टाइम ऑफिस' अशी पाटी आणि एक लांबलचक मस्टर. मग पुण्याहून एक मॅडम आल्या, माझ्या मुलीपेक्षा दोनेक वर्षांनी मोठ्या असतील. पाटी बदलली, मी एचआर असिस्टंट झाले. खुर्ची तीच राहिली आणि तिची डुगडुगसुद्धा.

मॅडमनी पहिलंच काम काढलं ते वाढदिवसांचं. प्रत्येक कामगाराचा वाढदिवस साजरा करायचा, म्हणजे माणसाला कंपनी आपली वाटते. मी रेकॉर्डवरून यादी काढून दिली. त्या यादीकडे बघतच राहिल्या. माल निवडणाऱ्या अर्ध्या लाईनीचा वाढदिवस एक जूनला.

"हे काय आहे?"

"शाळेत नाव घालताना गुरुजींनी टाकलेली तारीख," मी म्हटलं. "माझीपण एक जूनच आहे."

दुसरं कोणी असतं तर हसलं असतं. त्यांनी वही काढली आणि विचारायला लागल्या. मग खरी तारीख कशी कळते? आईला आठवत असेल का? पाऊसपाण्यावरून सांगतात का? तिथंच ती मुलगी मला आवडली. मलाही दुसऱ्याच्या घरात काय शिजतंय ते कळल्याशिवाय चैन पडत नाही. फरक एवढाच की त्या विचारतात त्याला सर्व्हे म्हणतात आणि मी विचारते त्याला चांभारचौकशा.

आमचं पॅकहाऊस हायवेपासून आत, नारायणगावच्या अलीकडे. मी अवसरी बुद्रुकची. सकाळी स्कूटीवर मंचर गाठायचं आणि तिथून कंपनीची गाडी. दुसरी गाडी जुन्नरहून बायका घेऊन येते. मोसमात द्राक्षं, एरवी मिरची आणि भेंडी. बायका टेबलाच्या दोन्ही बाजूंना उभ्या राहून माल निवडतात. डोक्याला निळी टोपी, तोंडाला मास्क, अंगात ॲप्रन. बाईचे फक्त डोळे दिसतात. पण मला माझा गर्व होता. पाठमोरी बाई चालली तरी मी नाव सांगायची, आणि हे मी मॅडमना पहिल्याच आठवड्यात ऐकवलं होतं.

वाढदिवसांनंतर मॅडमनी ट्रेनिंग घेतलं. भिंतीवर चित्रं दाखवली. जग कुठं चाललंय, माणसं घरून काम कशी करतात, वगैरे. एका चित्रात दोन परदेशी बायका एकाच टेबलाशी बसून हसत होत्या. मॅडमनी सांगितलं, तिकडे दोन माणसं मिळून एक नोकरी करतात, अर्धी-अर्धी वाटून घेतात. सुपरवायझर मागून म्हणाला, "राव, हितं एका मानसाला पुरं काम करू द्या पहिलं." सगळे हसले. मीही हसले, आणि वर टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर चेहऱ्याचं मशीन आलं. मस्टर बंद. दारातच मास्क खाली करायचा, मशीनसमोर उभं राहायचं, हिरवा दिवा लागला की आत. पहिल्या दिवशी प्रत्येकीचा चेहरा मशीनमध्ये भरून घेतला. बायकांनी त्या दिवशी पावडर लावली होती, टिकल्या नव्या. फोटो काढायचाय असंच त्यांना वाटत होतं.

पंधरा दिवस मशीन बिनबोभाट चाललं. सोळाव्या दिवशी जुन्नरच्या गाडीतल्या एका बाईला तांबडा दिवा लागला. ती घाटघरकडची, चार वर्षांपासून आमच्याकडे, लाईनवरचा सगळ्यात चपळ हात. मी म्हटलं, मशीनला काहीतरी झालंय, आणि तिची हजेरी हातानं लावली. दुसऱ्या दिवशी परत तांबडा. तिसऱ्या दिवशी मी तिला ऑफिसमध्ये बोलावलं, नीट उजेडात उभं केलं आणि मास्क काढायला सांगितला.

तिनं काढला. मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

"तू ती नाहीस."

"न्हाई," ती म्हणाली, अगदी सहज. "मी तिची जाव. धाकली. आता माझी बारी हाय ना."

मला घामच फुटला. तिला मात्र काहीच वाटत नव्हतं. चार वर्षांपासून असंच चाललंय, ती म्हणाली. नोकरीला लागली थोरली, रेकॉर्डवर नाव तिचं. पोरांच्या शाळेसाठी दोघींनी मिळून जुन्नरला एक खोली घेतलेली. थोरलीची दोन पोरं, धाकटीचं एक, तिघं त्या खोलीत राहतात. एक जाऊ खोलीवर राहते, पोरांचं करते आणि कामावर येते. दुसरी वर गावाला, भात, नाचणी आणि गुरं बघते. पंधरा दिवसांनी अदलाबदल. म्हणजे महिन्यातले निम्मे दिवस प्रत्येकीला तिची पोरं मिळतात, आणि उरलेले निम्मे दिवस पोरांजवळ आई नसली तरी काकू असते.

"अगं, पण असं चालतं का? नाव तिचं आणि येतेस तू?"

"ताई, आमच्याकडं उन्हाळ्यात पडकई आसती. समदी मिळून येकेकाची खाचरं बांधायची. घरटी येक मानूस द्यायचं. आज मी गेली, उद्या ती गेली, कोन इचारतं? घरचं मानूस आलं ना, झालं."

मी लाईनवर गेले आणि हळूच एकीला विचारलं. ती म्हणाली, "ताई, तुमाला म्हायती न्हाई? समद्या लाईनीला म्हायती हाय." सुपरवायझरलाही माहिती होतं. दोघींचा हात सारखाच चालतो, मग मी कशाला बोलू, असं त्याचं म्हणणं. म्हणजे आख्ख्या पॅकहाऊसमध्ये माहिती नसलेली मी एकटी. खरं सांगायचं तर नियम मोडला याचा मला जेवढा राग आला नाही तेवढा याचा आला. दिवसभर मी कोणाशी धड बोलले नाही.

मॅडमना सांगणं भाग होतं. त्यांनी ऐकलं आणि डोळे मोठे करून विचारलं, "चार वर्षं? एकही दिवस गैरहजेरी नाही?" मी रेकॉर्ड काढलं. खरंच नव्हती. आमच्या लाईनवर असं दुसरं कोणी नव्हतं. एक आजारी पडली की दुसरी खाली उतरायची. याच हजेरीमुळं त्या महिन्यात ज्यांना कायम करायचं होतं त्या यादीत थोरलीचं नाव सगळ्यात वर होतं.

मग त्यांचा चेहरा उतरला. परदेशात माल जातो, तिकडची माणसं येऊन कागद तपासतात. थोरलीची वैद्यकीय तपासणी झालेली, थोरलीला ट्रेनिंग दिलेलं आणि मालाला हात धाकटीचा. हे बाहेर आलं तर दोघींना काढा एवढंच वरून सांगतील. "पण हे तर आपल्या स्लाइडवर होतं," मॅडम स्वतःशीच म्हणाल्या. "आपण लोकांना शिकवायला आलो ते या दोघी चार वर्षांपासून करतायत." मलाही हसू आलं, पण ते टिकलं नाही. नोकरी गेली तर खोली सुटणार आणि पोरांची शाळाही.

पुढचा आठवडाभर मॅडम फोनवर भांडत होत्या. काचेपलीकडून मला त्यांचे हात दिसायचे. एवढीशी मुलगी, पण एकदाही आवाज चढवला नाही आणि एकदाही माघार घेतली नाही. शेवटी मुख्य ऑफिसनं दोन वाटा दिल्या. पहिली, दोघींपैकी एकीनं राहायचं, मागचं सगळं विसरू, तिला यादीप्रमाणे कायम करू. दुसरी, दोघींना वेगवेगळे नंबर, दोघींची तपासणी, पंधरा-पंधरा दिवस काम. पण मग दोघीही टेम्पररी, आणि कायम व्हायचं नाव काढायचं नाही.

"पहिली," मी ताबडतोब म्हटलं.

"आपण ठरवायचं नाही," मॅडम म्हणाल्या. "त्यांना विचारायचं."

आमच्या वेळी अशी पद्धत नव्हती. आमच्या वेळी नोटीस बोर्डावर कागद लागायचा. मी अकरा वर्षं टेम्पररी काढली आहेत, अंधारात निघून अंधारात घरी परतत. दर सहा महिन्यांनी ब्रेक, म्हणजे काही दिवस घरी बसायचं, आणि परत घेतील का याचा घोर. ज्या दिवशी कायम झाल्याचं पत्र मिळालं त्या दिवशी मी पेढे वाटले आणि बाथरूममध्ये जाऊन रडले. कायम म्हणजे काय हे मॅडमना कुठून कळणार आणि त्या दोघींना तरी कुठून? मी म्हटलं, मी जाते त्यांच्याकडं. मॅडमनी तिन्ही फॉर्म माझ्या पिशवीत घातले. कायमचा एक, टेम्पररीचे दोन. मी टेम्पररीचे सगळ्यात तळाशी सारले.

रविवारी जुन्नरचा बाजार. थोरली बाजाराच्या जीपनं खाली येणार होती, म्हणून तोच दिवस धरला. गल्लीत आत, एका जिन्यावर त्यांची खोली. दारात मेथीची पेंडी आणि तांदळाचं गाठोडं. थोरली उंबऱ्यात बसून एका मुलीची वेणी घालत होती. धाकटी आत चहा टाकत होती. दोन मोठी पोरं बाजारात गेली होती. मुलगी थोरलीच्या मांडीला टेकून काहीतरी चघळत होती, आणि मधेच मान वळवून तिच्या कानात बोलत होती.

मला काहीतरी चांगलं बोलून सुरुवात करायची होती. मी थोरलीला म्हटलं, "लेक अगदी तुझ्या वळणावर गेलीय हो."

आतून धाकटी फिस्सकन हसली. "ताई, ती माझी!"

मुलगीपण हसली. मग मीही हसले, नाइलाजानं.

मग मी माझं सगळं सांगितलं. कायम म्हणजे काय, पीएफ, दवाखाना, म्हातारपण. एकीला कायम केलं की पुढची वीस वर्षं कोणी हात लावू शकत नाही. आपल्या भागात बाईला असं पत्र सहजासहजी मिळत नाही. तोंडाला फेस येईपर्यंत बोलले. दोघींनी शांतपणे ऐकलं. थोरलीची फणी चालूच होती.

"मंग येकीनं वरच ऱ्हायाचं?" थोरलीनं विचारलं.

"हो. पण सुट्टीला खाली येईलच की. पोरं मे महिन्यात वर जातीलच."

"आन येकीनं कायम हितं."

"हो."

"आन हितं ऱ्हानारीची गाडी किती वाजता सुटती? पाळीचं काम लांबलं मंजी?"

मोसमात लांबतंच, हे तिलाही माहीत होतं. आत्तापर्यंत एकीला रोज उशीर व्हायला लागला की दुसऱ्या जावेला निरोप जायचा आणि ती खाली येऊन कामाची बारी घ्यायची. पुढं मशीन एकीलाच ओळखणार होतं. दोघींनी एकदमच रोज कामावर यायचं म्हटलं तर वर भात कोण लावणार, हेही होतं.

धाकटी चहा घेऊन आली. माझ्यासमोर कप ठेवला आणि खाली बसली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तिला खरोखरच काहीतरी जाणून घ्यायचं होतं.

"ताई, तुमची पोरगी ल्हान व्हती तवा तुमच्या बदली कोन व्हतं?"

"घरी सासूबाई होत्या की."

"घरी न्हाई, वो. कामावर. तुमच्या बदली कामावर कोन जायाचं?"

"कोणी नाही. मीच."

"रोज?"

"रोज."

थोरलीची फणी थांबली. दोघींनी एकमेकींकडे बघितलं. कोणाच्या घरी काही वाईट घडल्याचं कळलं की बायका जशा बघतात, तशा. मी कायम, त्या टेम्पररी, आणि कीव माझी चालली होती. मला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही. मी चहाचा कप बाजूला सारला.

"आगं बया," थोरली म्हणाली. "मंग पोरीला कवा बघायच्या तुमी?"

मी पिशवीच्या तळातून दोन फॉर्म काढले, मांडीवर घेतले आणि त्यांची नावं लिहायला लागले. मान वर केली नाही.

"रविवारी," मी म्हटलं.