मेश्रामभाऊंची टाळी

दारव्ह्याच्या लॅबमधले मेश्रामभाऊ कुणाच्या लघवीत दोष सापडला की टाळी वाजवायचे. एकच, पण अशी खणखणीत की बाहेर बाकावर बसलेला पेशंट दचकून उठे. वर ओरडायचे, "सापडलं रे बाप्पा, लवकर सापडलं!" लोक म्हणत, याला कुणाच्या दुखण्याचं सोयरसुतक नाही. मीही म्हटलं होतं, आणि चांगलं तोंडावर म्हटलं होतं.

ते बोंडअळीचं वर्ष होतं. निम्मा कापूस अळीनं खाल्ला, उरलेला वेचायला मजूर परवडेनात, आणि आमच्या घरात वेचणीला सगळ्यांत चपळ हात माझ्या सासूचे, आत्याबाईंचे. त्यांना आठ वर्षांची शुगर. डॉक्टरांनी रक्त आणि सकाळची पहिली लघवी तपासायला सांगितली. काळीपिवळी जीपमध्ये कोंबून घेऊन आम्ही दारव्ह्याला गेलो, रक्त दिलं, घरून आणलेली बाटली दिली.

मेश्रामभाऊ बाहेर आले ते तोंड पाडूनच. मला वाटलं, झालं, गेल्या किडन्या! "लघवी साफ आहे," ते म्हणाले. मग चष्मा कपाळावर चढवून आत्याबाईंपुढे उकिडवे बसले. "मावशी, रक्तात एवढी साखर, अन् लघवीत नावालेही नाही? खरं सांगा, कोनाची आणली?"

आत्याबाईंनी माझ्याकडे बोट केलं. अगं बाई! सकाळी "तुही बी तपासून घेऊ" म्हणत माझी बाटली भरून घेतली होती, ती यासाठी! "दुखनं निघालं तं घरचे मले वावरात जाऊ देतीन का?" त्या रडायलाच लागल्या. "मी खाटेवर पडली तं कापूस कोन वेचीन?"

दुसऱ्या दिवशी मी पहारा ठेवून त्यांचीच बाटली नेली. थोड्या वेळानं आतून टाळी! मी तणतणत आत शिरले. "भाऊ, लाज नाही वाटत? माणूस आजारी निघालं अन् तुम्ही टाळ्या पिटता?"

भाऊंचा चेहरा नुसता फुलला होता. "अवो वहिनी, थोडंसंच प्रोटीन उतरून राह्यलं! म्हंजे किडनीतल्या बारीक नसा आत्ता कुठं पाझराले लागल्या. आत्ता आवरता येते. पायावर सूज घेऊन आल्या असत्या तं मी कायले वाजवली असती?"

एका रिपोर्टवर मात्र त्यांचा भरवसा नसे. ताप असला, फार राबणं झालं, तरी तेवढं उतरतं म्हणायचे. महिन्याभरानं पुन्हा तपासलं, पुन्हा तेच निघालं. गोळ्या सुरू झाल्या, ठेचा आणि लोणचं बंद झालं. "वेचा बिनधास्त," भाऊंनी आत्याबाईंना बजावलं, "पन चप्पल घालून. शुगरमंधी पायाची जखम लवकर भरत नाही." मला इतका आनंद झाला की घरी येऊन शिरा केला, आणि तो त्यांना खाता येत नाही हे नंतर आठवलं.

भाऊ जाऊन आता चार वर्षं झाली. शुगर मलाही लागलीच. परवा त्याच लॅबमध्ये रिपोर्ट घ्यायला गेले, तर काउंटरवरची मुलगी आवाज बारीक करून म्हणाली, "काकू, थोडं प्रोटीन दिसतंय. घाबरू नका." माझे हात आपोआप उठले आणि मी टाळी वाजवली. पोरगी बघतच राहिली.

बाकावर आत्याबाई बसल्या होत्या, ऐंशीच्या घरातल्या, पायात चप्पल.

"अशी काय मरतुकडी वाजवतं?" त्या म्हणाल्या. "भाऊसारखी वाजव!"