चिखल सांगायचा राहिला: भोसरी ते जऊळका, एका चिमट्यासोबत

मंगळवारी दुपारी मशीनचं दार उघडलं, करड्या पावडरीत कोपरापर्यंत हात घालून तो तुकडा चाचपडत वर काढला, आणि तेव्हाच ठरलं: सुट्टी टाकायची आणि हा स्वतः घेऊन जायचा. कुरिअरच्या खोक्यात कोंबावा असा तो नव्हताच. पन्नाशीला टेकलेला माणूस कारखान्यात एकटाच हसत उभा होता, हे आमच्या पोरांनी पाहिलं. पाहू द्या.

आधी धंदा सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. भोसरीत आम्ही धातू छापतो. पिठासारखी धातूची पावडर पातळ पसरायची, लेझरने हवी तेवढीच वितळवायची, वर पुन्हा पावडर, पुन्हा लेझर. थरावर थर चढत दीड-दोन दिवसांत वस्तू तयार. मी गावच्या शाळेनंतर आयटीआय करून या लाइनीत आलो आणि मशीनवाल्याचा डिझाइनवाला झालो. डिझाइनमधली मला सर्वात आवडणारी गोष्ट अशी की आकार आपण काढत नाही. आपण कॉम्प्युटरला एवढंच सांगायचं की इथे धरणार, इथून जोर येणार, इथे चाक बसणार. मग तो फेरी फेरीने हिशेब करतो आणि जिथे जोर पोचत नाही तिथला धातू काढत जातो. शेवटी जे उरतं ते थेट हाडासारखं दिसतं. भोकं, कमानी, मध्येच जाड, मध्येच बारीक. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी खुर्चीतून उठून हात जोडले होते.

जऊळक्याजवळ माझी थोरली बहीण सुमनताई राहते. तिचं दोन एकर वावर आहे. बैल विकल्यापासून ती सायकल डवऱ्याने सोयाबीन डवरते. पुढे एक चाक, मागे धरायला दोन मुठी, खाली तण कापणारी पोलादी पास, आणि हे सगळं जोडणारा लोखंडी चिमटा. ढकलत चालायचं. चिमटा ओतीव, साडेतीन किलोचा, आणि दर ओळीच्या टोकाला सगळं उचलून फिरवायचं. ताईचा उजवा खांदा दोन वर्षांपासून धरलाय. या वर्षी भास्करभाऊजींनी, म्हणजे तिच्या नवऱ्याने, शेजाऱ्याशी बोलणं काढलं होतं की पुढल्या सालापासून वावर मक्त्याने, म्हणजे वर्षाच्या ठरीव भाड्याने, त्याला कसायला देऊ. पोळ्यापर्यंत जबाब द्यायचा होता. फोनवर ताई एवढंच म्हणाली, "वावर गेल्यावर म्या सकाई उठून कुठं जाऊ रे?"

मालकांना विचारलं. गिऱ्हाइकाच्या कामात छपाईच्या प्लेटचा एक कोपरा रिकामा राहत होता, तो त्यांनी दिला. ॲल्युमिनियमचा चिमटा छापला. वजन किलोच्या आत. अर्धी करामत धातूची, अर्धी आकाराची, हे प्रामाणिकपणे सांगतो. सुरू करायचं बटण दाबताना नेहमीसारखं मनात देवाचं नाव घेतलं.

पहिला दिवस

जाणार असाल तर मार्ग असा: पुण्याहून रेल्वेने अकोला, तिथे उतरून पूर्णेकडे जाणारी गाडी. आषाढात खिडकीची जागा सोडू नका. अकोला सुटलं की थोड्याच वेळात डोंगर सुरू होतात, आणि ते इतके हिरवे असतात की शेजारच्या माणसाचं तोंडही हिरवट दिसतं. स्टेशनवर आलुबोंडा आणि तळलेली मिरची घ्या. मिरची आधी चावू नका.

मी पिशवीतून चिमटा काढून पुन्हा पुन्हा पाहत होतो. समोर धोतरातले एक आजोबा बसले होते. त्यांना राहवेना.

"कोन्या जनावराचं हाड हाय हे?"

"हाड नाही बाबा. डवऱ्याचा चिमटा आहे."

त्यांनी हातात घेतला, भोकांत बोट घालून पाहिलं. "मंग उंदरानं कुरतडला काय?"

"कॉम्प्युटरनं कुरतडलाय."

"तुमच्या इकडं कम्प्युटरले पन खायाले नाई वाटते!" म्हणाले, आणि सगळा डबा हसला. मीही. मग तो चिमटा डब्याच्या दोन्ही टोकांना फिरून आला. एका बाईने तो बाळाच्या कानाला लावला. का, ते विचारलं नाही.

जऊळक्याला भाऊजी जीप घेऊन उभे होते. ते मालेगाव (वाशीमचं, नाशिकचं नव्हे) ते जऊळका फेऱ्या मारतात. टपावर दोन माणसं आणि एक शेळी होती. मला मानाची जागा मिळाली, म्हणजे गिअरच्या दांड्याला दोन्ही बाजूंनी पाय घालून. घरी पोचलो तर ताई अंगणात पितळी दिवे घासत बसलेली.

"आज अमावस्या आहे?"

"दिव्याची अमावस्या! पुन्यात क्यालेंडर नसते काय?"

अमावस्येला या भागात औत धरत नाहीत, वावरात लोखंड घालत नाहीत. एरवी ज्याची चतुर्थी चुकत नाही, त्या माणसाने सुट्टीचे तीन दिवस नेमके असे निवडले. मशीनला अमावस्या नसते, तिच्यासोबत राहून मलाही विसर पडला असावा. मी खजील होऊन उभा, आणि भाऊजींना मात्र उकळ्या फुटत होत्या.

"सुमन, हे लोखंड नोहे, ॲल्युमिनियम हाये. याले अमावस्या लागत नाई."

"आन पास कायची हाये, लाकडाची?"

"पास काढून फिरव ना मंग."

"तुमची जीप फिरवता काय चाकं काढून?"

विषय संपला. ताईने हात धुऊन चिमटा घेतला. नव्या बाळासारखा दोन्ही हातांवर. "इतला हलका? मोडन ना हा." मी जोराचा सगळा हिशेब समजावला. तिने तो शांतपणे ऐकला, मग चिमटा दिव्यांच्या रांगेत नेऊन ठेवला आणि त्यालाही हळदकुंकू लावलं.

दिवस फुकट घालवायचा नव्हता. नव्या चिमट्याला नवी पास हवी, म्हणून मी मालेगावहून एसटीने रिसोडला निघालो. शिरपूरवरून जाणारा रस्ता बरा आहे, खड्डे मोजून ठेवण्याइतके नाहीत. रिसोडला बाजाराच्या मागे रहीमभाईंचं वेल्डिंगचं दुकान. वय साठीचं, चष्म्याची एक काडी तांब्याच्या तारेची.

पास म्हणजे वाकवलेली पोलादी पट्टी, आणि पोलाद वाकवलं की ते थोडं मागे येतं. तीस अंश हवे असतील तर जास्त वाकवावं लागतं. किती जास्त, हे मी कॉम्प्युटरवर काढून प्लास्टिकचा माप-साचा छापूनच नेला होता. मोठ्या ऐटीत तो बाकावर ठेवला. रहीमभाईंनी पाहिला आणि बाजूला सारला.

"ये तो ज्यादा वाकेल, भाऊ."

"हिशेब केलाय रहीमभाई."

"केला असन. कोन्त्या पट्टीचा केला?"

मी चार मिलिमीटरचा केला होता. त्यांच्याकडची पट्टी पाचची. जाड पट्टी कमी मागे येते. हे मला पाठ आहे, पोरांना मी शिकवतो. ते म्हणाले, "लोखंड रुसते, पन जाडं मानूस कमी रुसते," आणि पोटावरून हात फिरवत हसले. चार ठोके, एक डोळा मिटून नजर, पाचवा ठोका. कोनमापक लावला. तीस. मी तिथेच टाळी वाजवली. त्यांनी चहा मागवला आणि पैसे मला देऊ दिले नाहीत.

परत येताना वाटेत पाऊस लागला. चांगला दोन तास झोडपला. एसटीच्या खिडकीतून पाणी आत येत होतं आणि माझ्या मांडीवरची पास टोपीखाली झाकलेली होती, डोकं उघडं.

दुसरा दिवस

सकाळी डवरा जोडून तयार. पण जमीन ओली. काळ्या मातीत पावसानंतर लगेच औत घालत नाहीत, ओल उतरून माती भुसभुशीत व्हावी लागते. त्याला वाफसा म्हणतात, आणि तो कोणाच्या सुट्टीसाठी थांबत नाही की लवकर येत नाही.

"उद्या सकाई पाहू," ताई म्हणाली.

"उद्या दुपारी माझी गाडी आहे, ताई."

"मंग गाडीले सांग, वाफसा नाई म्हना."

दुपारपर्यंत मी तीनदा वावराच्या बांधावर जाऊन टाच रोवून आलो. चौथ्यांदा आलो तेव्हा ताईला माझी कीव आली असावी. पदर खोचून म्हणाली, "चल बावा. तुही हौस होऊ दे."

पहिली ओळ ती अक्षरशः पळत गेली. टोकाला डवरा एका हाताने, डाव्या नव्हे, उजव्या हाताने उचलून फिरवला आणि तिथूनच ओरडली, "पल्हाद! खांदा नाई दुखून राह्यला!" शेजारच्या वावरातल्या दोन बाया खुरपी टाकून उभ्या राहिल्या. मी बांधावर नाचलो. खरंच नाचलो, चप्पल चिखलात गेली.

दुसऱ्या ओळीला ती चालत गेली. तिसऱ्या ओळीच्या मध्यात थांबली. मी धावत गेलो. चिमटा दिसतच नव्हता. प्रत्येक भोकात, प्रत्येक कमानीत काळी माती ठासून बसलेली, आणि तिच्यावर आणखी माती. जिथे जिथे कॉम्प्युटरने धातू काढला होता तिथे तिथे वावराने चिखल भरला होता. उचलून पाहिला. जुन्या ओतीव चिमट्यापेक्षा जड.

ताईने माझ्याकडे पाहिलं. "तुह्या कम्प्युटरले चिखल माहीत नाई काय?"

नव्हता माहीत. मी जोर सांगितला होता, मुठी सांगितल्या होत्या, दगड लागला तर बसणारा झटकासुद्धा सांगितला होता. ज्या मातीत दहा वर्षं अनवाणी चालून शाळेत गेलो, ती सांगायची राहिली. रहीमभाईंनी पट्टीची जाडी विचारली तेव्हाच उमगायला हवं होतं.

बांधावर बसून काडीने भोकं कोरत होतो, तर भाऊजी आले. ते चेष्टा करतील वाटलं होतं. त्यांनी चिमटा पाहिला आणि हळूच म्हणाले, "मक्तेवाला सकाई फोन करून राह्यला होता. काय सांगू?"

ताईने ऐकलं. माझ्या हातातून चिमटा घेतला, पाटाच्या पाण्यात धुतला, उलटसुलट केला.

"हाडच हाये हे," ती म्हणाली. "पन हाड कोनी उघडं ठेवते काय रे? त्याले कातडी लागते."

मग नवऱ्याकडे वळली. "जीपची जुनी ट्यूब कुठं हाये?"

"स्टेपनीची? ते चांगली हाये अजून!"

"आना."

रबराची लांब पट्टी कापून तिने चिमट्याला गुंडाळली, लहान पोराच्या मोडलेल्या हाताला पट्टी बांधावी तशी, ओढून, भोकं पूर्ण झाकून, आणि टोकं तारेने आवळली. माझ्या सुंदर कमानींपैकी एकही दिसेना. थोडं जिवावर आलं, खोटं कशाला बोलू. तिने बोटाने चिखल लावून पाहिला. रबरावरून तो घसरून गेला.

तिसरा दिवस

सकाळी वाफसा होता. घरच्या मारुतीला नमस्कार करून आम्ही तिघं वावरात गेलो. एक ओळ, दोन, पाच, आठ. नवव्या ओळीला मी चिमट्यावर हात फिरवला. चार चिमण्यांच्या घासाएवढी माती. भाऊजींनी डवरा मागितला, एक ओळ स्वतः मारली आणि दम लागून परत आले. "पल्हादराव, जीप बरी." ताईने त्यांच्या हातातून मुठी घेतल्या आणि पुढच्या ओळीला लागली. मक्त्याचं नाव त्या सकाळी कोणी काढलं नाही.

निघताना जेवायला अंबाडीची भाजी, ज्वारीची भाकर, वरून कच्चं तेल आणि ठेचा. हे वाशीमकडे कुठल्या हॉटेलात मिळेल माहीत नाही, कुणाच्या तरी घरी जेवायची सोय करून जा. डबा रिकामा परत द्यायचा नसतो, म्हणून येताना भोसरीहून नेलेल्या लाडवांच्या डब्यात मी वावरातली ओली माती भरून घेतली. गाडीत झाकण उघडून दोनदा वास घेतला. शेजाऱ्याने जागा बदलली.

घरी

कामावर गेल्यावर डबा टेबलावर ठेवला. आमच्या ऑफिसातल्या मृणालने, जी गणितात माझी गुरू आणि वयात माझ्या लेकीएवढी, विचारलं, "काका, हे काय?"

"राहिलेलं इनपुट."

तिने खरंच ती माती मोजली, चिकटवली, खरवडली, आकडे लिहिले. आता आम्ही दुसरा चिमटा करतोय. आत तशीच हाडं, वर पातळ सलग कातडी, आणि अडकलेली पावडर झटकायला खाली एकच छिद्र. छिद्राला बूच लागेल, हे मात्र मी आधीच सांगून टाकलं.

या प्रवासाचं काय उरलं, याचा विचार करत होतो, तेवढ्यात पोळ्याच्या संध्याकाळी भाऊजींचा फोटो आला. गावात सगळ्यांचे बैल सजून निघालेले, शिंगांना बेगड, पाठीवर झुली. आणि आमच्या दारात, बैल बांधायच्या जुन्या खुंट्याला टेकवून, सायकल डवरा. ट्यूब सोडलेली. चिमटा धुऊन लखलखीत, प्रत्येक कमान मोकळी, कपाळ असावं तिथे कुंकू, मुठीला घुंगरांची माळ, पुढ्यात पुरणपोळी. मागे दोरीवर रबराची पट्टी वाळत घातलेली.

मी लगेच फोन लावला. ताईनेच उचलला.

"सगळ्यायच्या बैलायले आज औत नाई," ती म्हणाली. "म्हटलं, माह्या बैलाचे पन कपडे काढून न्हाऊ घालावं. अख्खं गाव पाहून गेलं."

"आणि मक्तेवाला?"

"तो बी आला होता. पोळी खाऊन गेला."