माफी मागत फिरणारे अय्युबचाचा

अय्युबचाचांनी माफी मागितली, तेव्हापासून रईसाच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

पारोळ्यात अय्युब कूलरवाले म्हणजे भांडणाचा कारखाना. पत्रा ठोकता ठोकता ते गिऱ्हाइकालाही दोन ठोके द्यायचे. "हवा कमी येते? मग मी घरी येऊन फुंकर मारू?" तरी उन्हाळा लागला की लोक त्यांच्याच दारात. कारण चाचांचा कूलर वीस वर्षं टिकायचा आणि राग वीस मिनिटं.

तेच चाचा या आठवड्यात दारोदार फिरत होते. "कहा-सुना माफ करना." हजला निघालेला माणूस अशीच माफी मागतो, म्हणून मोहल्ल्याने ठरवूनच टाकलं, चाचा हजला निघाले! किराणावाल्या बन्सीलालची तर त्यांनी दोनदा माफी मागितली. एकदा टीव्हीवर पाणी उडवणाऱ्या कूलरबद्दल, एकदा त्याच्या बकरीला घातलेल्या शिव्यांबद्दल.

"अय्युबभाऊ, हजले चालनात का? मन्हासाठे खजूर लई या!" बन्सीलाल म्हणाला.

"दूर जानं शे," चाचा हसून म्हणाले. दूर जायचंय, एवढंच; कुठे ते नाही.

सगळी गल्ली हसली. एकाने तर मक्केहून आणायच्या झमझमच्या पाण्यासाठी बाटलीही धुऊन ठेवली.

रईसा हसली नाही. मोहल्ल्यात बी.ए. झालेली ती एकटी, त्यामुळे सगळ्यांचे हजचे अर्ज तीच भरायची. चाचांचा अर्ज तिने भरलेलाच नव्हता. आणि सहा महिन्यांपूर्वी चाची गेल्या, तेव्हापासून दुकानात हातोडा वाजला नव्हता. भर एप्रिलमध्येसुद्धा!

"अम्मी, तुझं काहीतरीच," तिची मुलगी सादिया म्हणाली. "माणूस शहाणा झाला तरी तुला काळजी."

"अय्युबचाचा शहाणे होतात, हीच काळजी. काल म्हणाले, 'बेटी, आता कुणावर राग नाही. माझंही ओझं कुणावर नको.'"

सादियाच्या हातातलं लाटणं थांबलं. "मग विचार त्यांना. सरळ."

"मरायचा विचार येतो का, असं? आणि डोक्यात नसलं तर मीच घातलं म्हणजे?"

"विचारल्याने डोक्यात येत नसतं, अम्मी. कॉलेजात डॉक्टरबाई आल्या होत्या ना, त्यांनी सांगितलं. उलट माणसाला बोलायला वाट मिळते. फक्त मग त्याला एकटं सोडायचं नाही, आणि डॉक्टरकडे न्यायचं."

रईसाने आरशासमोर तालीम केली. "चाचा, आमच्या कूलरची मोटर..." नको. "चाचा, तब्येत कशी..." ते म्हणतील, उत्तम. संपलं.

"आणि चिडले तर?"

"चिडले तर पेढे वाटू!"

रईसाला हसू आलं, डोळेही भरले. समोरासमोर विचारायला तिची जीभ रेटत नव्हती. पण फोनवर विचारता येईल, आणि ते उत्तर देईपर्यंत त्यांच्या दाराशी पोचताही येईल. दोनच गल्ल्या तर होत्या.

तिने गॅस बंद केला. "सादिया, चप्पल घाल. मी फोन लावते."