वाघाविरुद्धचा जबाब

ती घटना आजही आठवते आणि आजही डोकं तापतं. चोर-दरोडेखोरांनी मला जेवढं छळलं नाही, तेवढं दाभोशाकडच्या एका पाड्यावरच्या सरळ माणसाने छळलं.

मी तेव्हा जव्हार संस्थानात फौजदार होतो. वाघाने शेतीचा बैल मारला, तर दुसरा बैल घ्यायला दरबाराकडून शेतकऱ्याला अनुदान मिळे. अट एकच, मालकाने पोलिसांपुढे तसा जबाब द्यायचा. त्या पाड्यावरच्या एका शेतकऱ्यासाठी गावच्या पाटलाने अशा अनुदानाचा अर्ज आणला. पाठोपाठ बाजारातल्या एका व्यापाऱ्याने खबर दिली, "फौजदारसाहेब, अर्ज खोटा आहे. वाघ नव्हताच, असं बैलाचा मालकच सांगत फिरतोय."

मी पाटील आणि मालक, दोघांना ठाण्यात बोलावलं.

"बैल कशानं मेला?"

"गेला, साहेब."

"अरे, गेला म्हणजे? वाघानं मारला का?"

मालकाने मान खाली घातली. "नाय."

पाटलाने कपाळावर हात मारला. "अहो, मी या डोळ्यांनी बघितलंय! याला काय झालंय देव जाणे!"

धाक दाखवला, गोडीने विचारलं, उलटसुलट विचारलं. उत्तर तेच. शेवटी दोघांनाही ठाण्यातच बसवून ठेवलं आणि हवालदाराला घेऊन पंचनाम्याला निघालो. ओढ्याकाठच्या चिखलात वाघाची पावलं, बैलाच्या नरड्यावर सुळ्यांच्या खुणा. शेंबड्या पोरानेही वाघच सांगितला असता! जवळच मालकाची बायको पाड्याची गुरं चारत होती. मी तिच्यावरच उखडलो, "तुझा नवरा खोटं का बोलतो?"

"तो नाय बोलायचा, साहेब. आमी त्या मोठ्या जनावराचं नाव पन घेत नाय. देव हाय तो आमचा. देवावर फिर्याद कोन करंल?"

परत येऊन पाटलाला सोडलं आणि मालकाला समोर बसवलं. "पेरणी तोंडावर आलीय. एका बैलावर नांगर कसा धरशील? एक शब्द बोल आणि बैल घे, बाबा!"

तो पहिल्यांदाच माझ्याकडे बघून बोलला. "बैल तुमी द्याल. पन गुरं घेऊन रानात रोज माजी बायको जाते. त्याला राग आला, तर ती मना कोन देईल?"

मी हात टेकले. जबाबात 'मोठ्या जनावराने मारला' असं लिहून पाठवलं. कचेरीतून कागद परत आला, 'कोणते जनावर, ते मालकाच्या तोंडून स्पष्ट व्हावे.' पंचनामा जोडला, पाटलाची साक्ष जोडली. पुन्हा तेच उत्तर. इकडे हा बोलेना, तिकडे ते ऐकेनात, आणि मधल्या मध्ये मी!

अनुदान मिळालं नाही. पावसाळ्यात त्या बाजूला गेलो, तर नवरा-बायको नागलीच्या पिकासाठी उतारावरची जमीन कुदळीने खणत होते. माझा पारा चढला. "एका शब्दानं बैल मिळाला असता रे! कशाला कंबर मोडून घेतोस?"

त्याने हनुवटीनेच बायकोकडे खूण केली. "ती हाय ना, साहेब," म्हणाला आणि पुन्हा खणू लागला.

माणूस खोटं बोलतो ते काहीतरी पदरात पाडून घ्यायला, असा आमचा खात्यातला हिशेब. या पठ्ठ्याने मात्र हातात आलेला बैल घालवण्यासाठी खोटं सांगितलं. त्यानंतर कोणी जबाब द्यायला अडून बसला, की मी आवाज चढवण्याआधी विचारू लागलो, "तुझ्या घरी कोण कोण आहे?"