सीटचा अर्थ

माझी पत्नी माघात गेली. गाडी तीच चालवायची. त्या दिवसापासून गाडी सातारच्या घरासमोर उभी होती.

जगात जे काही बंद पडतं ते अर्थ सुटल्यामुळेच, असं मानणारा माझ्या मेहुण्यासारखा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. मेहुणा म्हणजे तिचा धाकटा भाऊ. राहणारा वडूजचा, फौजेत गाड्यांचं वायरिंग करून निवृत्त झालेला. अर्थिंगला तो नुसतं 'अर्थ' म्हणतो, आणि मी पडलो मराठी शिकवणारा, त्यामुळे त्याचं बोलणं मला नेहमी दोनदा ऐकावं लागतं. कुणाच्याही घरी गेला की बसण्याआधी तो फ्रिजला उलटा हात लावतो. "पावनेर नंतर, आदी शॉक बसतोय का बगू." आमच्या लग्नात माइक गुरगुरायला लागला, तेव्हा रजेवर आलेला हा गडी मंगलाष्टकांच्या मधोमध ओरडला, "थांबा! ह्येला अर्थ न्हाई!" भटजी रागावले. सासरे त्यांची समजूत काढत होते तोवर याने स्टेजखाली शिरून माइक गप्पही केला. अंतरपाटापलीकडून हसू ऐकू आलं. तिचं हसणं मी पहिल्यांदा ऐकलं ते तेव्हा.

चैत्रात सांगलीला आईकडे जायचं म्हणून मी गाडीचं दार उघडलं. पत्नी ठेंगणी; बटणावर सरकणारी सीट तिने पार पुढे घेतलेली. माझे गुडघे आत मावेनात. बटण दाबलं तर खालून नुसतं टक् झालं, सीट हलली नाही. मला बरंच वाटलं. तिची जागा तेवढी तशीच राहिली होती. मी एसटीने जाऊ लागलो.

आईने हे मेहुण्याच्या कानावर घातलं. तो आला, देवळात शिरावं तशा चपला काढल्या आणि सीटखाली डोकं घातलं. पाय बाहेर, बोलणं आतून.

"फ्यूज बरा हाय. टक् करतीया म्हंजी बटनबी बरं. दाजी, हितं पानी सांडायचं का वो?"

"तिची बाटली गळायची."

"मग वायरीचा बोल्ट गंजलाय. समदं हाय दाजी, अर्थ तेवढा न्हाई."

"असू दे," मी म्हणालो. "एसटी आहे की."

बाहेरचे पाय क्षणभर स्थिर झाले. मग पॉलिश पेपर घासल्याचा आवाज येऊ लागला. बराच वेळ येत राहिला.

तो बाहेर आला. मी सीटच्या बटणाकडे हात नेला.

"हात लावू नगासा!" माझा हात धरून तो म्हणाला. मग आवाज उतरला. "आदी हाय ती जागा धरून ठिवू. गाडीच्या ध्यानात ऱ्हातं."

दारावर आकड्यांची बटणं होती. ती एकटीच चालवायची, म्हणून त्यांची कधी गरज पडली नव्हती. त्याने सेटचं बटण दाबलं, मग एक. गाडी टिंग वाजली.

"ही आक्काची. आता तुमी बिनघोर मागं घ्या."

मोटर घरघरली. सीट मागे गेली, माझे पाय मावले. ती जागा दोन नंबरवर ठेवून तो घरात फ्रिज बघायला गेला.

आता सांगलीला मी गाडीने जातो. एक नंबर अजून दाबलेला नाही. तिची जागा गाडीत आहे.